ऑक्सिजन कोठे गेला?

ठाणे खाडीच्या काठाने पिढ्यान्‌पिढ्या ऊन आणि पाणी यांवर प्रपंच चालविला. भरतीचे पाणी मिठागरात घ्यावे, सूर्याने ते आटवावे, मागे राहील ते मीठ. आगरी समाजाचे नावही या आगरांवरूनच पडले, असे सांगतात. याच काठावरील घणसोली गावाजवळ आज रिलायन्स उद्योगसमूहाचे विस्तीर्ण संकुल उभे आहे. दशकभरात हायड्रोजनचा दर किलोला एका डॉलरच्या खाली आणण्याचे लक्ष्य या समूहाच्या अध्यक्षांनी सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केले होते. ऊन आणि पाणी यांचा जुना व्यवहार नव्या वेषात गावाच्या वेशीशी आला आहे.

उद्योगांचा आजचा मार्ग वळणाचा आहे: उन्हापासून वीज करायची आणि त्या विजेने पाणी फोडायचे. याहून सरळ मार्ग म्हणजे विजेचा टप्पाच गाळणे. पाण्यात योग्य भुकटी मिसळून ते उन्हात ठेवावे आणि वर येणारा वायू गोळा करावा. ही कल्पना मनोराज्य नव्हे. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये टिटॅनियम डायऑक्साइडच्या साह्याने प्रकाशाकडून पाण्याचे विघटन घडविल्याचे प्रसिद्ध केले. भिंतींच्या रंगात असते तेच हे पांढरे द्रव्य. परंतु ते केवळ अतिनील किरण शोषते, आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम पाच टक्के. उरलेला, डोळ्यांना दिसणारा प्रकाश वाया जातो. तो पकडण्यासाठी शास्त्रज्ञ सेंद्रिय पदार्थांकडे वळले, कारण त्यांचे रेणू हवे तसे घडविता येतात. कार्बन आणि नायट्रोजन यांच्या एका पिवळ्या बहुवारिकाने दृश्य प्रकाशात हायड्रोजन दिल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील राहुल बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सच्छिद्र सेंद्रिय जाळीवर कॅडमियम सल्फाइडचे कण बसविले. नुसते सल्फाइड ग्रॅममागे तासाला १२४ मायक्रोमोल हायड्रोजन देई. जाळीच्या संगतीत ते ३,६७८ वर गेले. वाढ सुमारे तीसपट! पुण्याला अभिमान वाटावा, असेच हे काम होते.

येथेच मात्र वाचकाने थांबून हिशेब मागितला पाहिजे. प्रकाश पडताच उत्प्रेरकातील इलेक्ट्रॉन उसळतो आणि हायड्रोजन घडवितो. मागे राहिलेली पोकळी भरून काढण्यासाठी पाण्याने आपला इलेक्ट्रॉन द्यायचा आणि ऑक्सिजन सोडायचा, हा व्यवहाराचा दुसरा भाग. तो फार मंद चालतो, कारण ऑक्सिजनचा एक रेणू सुटण्यास चार इलेक्ट्रॉनांची देवघेव व्हावी लागते. म्हणून प्रयोगात एखादे द्रव्य बळी दिले जाते. पुण्याच्या प्रयोगात ते होते लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्याला आंबटपणा देणारे आम्ल. ते आनंदाने इलेक्ट्रॉन देते आणि स्वतः संपते. हायड्रोजन मिळतो हे खरे. पण पाण्याचे पूर्ण विघटन झालेले नसते. आम्ल विकत घेऊन इंधन करायचे, तर उन्हाला फुकट म्हणण्यात अर्थ काय?

संशोधकांनी हे लपविलेले नाही. निबंधात ते स्पष्ट छापलेले असते. गळते ते बातमीत. प्रामाणिक आकडा किती लहान असतो, हेही पाहण्यासारखे आहे. जपानमध्ये शंभर चौरस मीटरच्या फलकांवर कोणतेही द्रव्य बळी न देता केवळ पाणी फोडण्याचा प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात सूर्यशक्तीपैकी हायड्रोजनमध्ये उतरलेला भाग अधिकात अधिक ०.७६ टक्के होता. तोही सेंद्रिय नव्हे, तर अतिनील किरणांवर चालणाऱ्या खनिज उत्प्रेरकाने.

अशा अवघड प्रश्नाला पैसा आणि सबुरी दोन्ही हवीत. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली तेव्हा त्यासाठी १९,७४४ कोटी रुपये ठरविण्यात आले. त्यातले १७,४९० कोटी पाण्याचे विद्युत्‌विघटन करणारी यंत्रे आणि हायड्रोजन यांच्या उत्पादनास प्रोत्साहन म्हणून, आणि संशोधनास ४०० कोटी. शंभरात दोन रुपये! कारखानदाराला बळ देणे गैर नाही. यंत्रे तयार आहेत आणि खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या खत कारखान्यातला हायड्रोजन आजही नैसर्गिक वायूपासूनच येतो. परंतु ज्या मार्गाला अजून कारखानाच नाही, त्याला प्रयोगशाळेखेरीज आश्रय नसतो. हा वाटा वाढला पाहिजे.

आणि वाढीव पैशाबरोबर एक अट घातली पाहिजे. सरकारी अनुदानावरील प्रत्येक प्रयोगाने किती हायड्रोजन निघाला एवढेच न सांगता किती ऑक्सिजन निघाला, कोणते द्रव्य किती खर्ची पडले आणि उत्प्रेरक किती तास टिकला, हेही अहवालाच्या पहिल्या पानावर द्यावे. पाणी खरोखर फुटले, तर हायड्रोजनचे दोन भाग आणि ऑक्सिजनचा एक, हे प्रमाण घणसोलीच्या शाळेतील विद्यार्थ्यालाही व्होल्टामीटरच्या दोन नळ्यांत दिसते. त्याच्या गुरुजींनी उद्याची ठळक बातमी वर्गात वाचून दाखवावी आणि दुसरी नळी कोठे आहे, ते मुलांना शोधू द्यावे.