एकच कवटी तीस वेळा

गेले दोन शनिवार-रविवार आमच्या घरात कवट्या छापल्या जातायत. दचकू नका. हौसेने घेतलेला थ्रीडी प्रिंटर आजवर मोबाइलचे स्टँड आणि पडद्यांचे हुक बनवण्यापलीकडे फारसा कामी आला नव्हता. मग मावसबहिणीचा फोन आला. ताई एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. "अरे, तुझं ते मशीन कवटी बनवेल का?" हे तिने अशा सुरात विचारलं की जणू येताना कोथिंबीर आणायला सांगतेय. मी हो म्हणालो. आता हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक कुत्रा, एक माकड आणि जबडा नसलेला एक माणूस बसलाय. दिवेलागणीला त्यांच्यावर टॉवेल टाकायचा असा आईचा नियम आहे.

विषयाचं नाव जड आहे, तौलनिक शरीररचनाशास्त्र. काम मात्र साधं: हाडं शेजारी शेजारी ठेवायची आणि बघायचं. ताईने मला ते आमच्या ओट्यावर दहा मिनिटांत शिकवलं. माणसाचे दात किती? बत्तीस. बकरीचे? कोण मोजायला जातंय! तर तेही बत्तीसच. पण बकरीला वरच्या जबड्यात पुढे एकही दात नसतो, तिथे नुसती कडक गादी. खालच्या आठ दातांनी पाला त्या गादीवर दाबून ओढायचा, मग बरीच मोकळी जागा आणि मागे दाढांची रांग. कुत्र्याला ४२ दात, मांजराला ३०, कारण मांजराने जबडा आखूड करून चावण्याची ताकद वाढवलीय. डोळ्याची खोबण बघा. कुत्र्याची मागून उघडी, बकरीची हाडाच्या पूर्ण कड्याची, माकडाची आणि आपली तर मागे भिंत घातलेली वाटीच. मग कवटी उलटी करायची. मज्जारज्जू आत शिरतो ते भोक कुत्र्यात मागच्या बाजूला आणि आपल्यात तळाशी, कारण आपलं डोकं मानेवर तोललेलं असतं. १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टाउंगला एका पिल्लाची कवटी मिळाली. हा प्राणी दोन पायांवर चालत असणार, असं रेमंड डार्टने म्हटलं ते याच भोकाची जागा बघून.

हे सगळं पुस्तकातल्या आकृतीत असतंच. पण मला कळलं ते कवटी उलटी केली तेव्हा. आणि काचेच्या कपाटात कुलपात असलेली कवटी कोणी उलटी करत नाही. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक सांगाडा होता, दहा वर्षांत मी त्याला एकदाही हात लावला नाही. सरांची भीती, दुसरं काय.

त्यामुळे माझं पहिलं मत सरळ आहे: शिकवायला प्रतिकृती वापरा, भरपूर वापरा, पडू द्या, फुटू द्या, पुन्हा छापा. तसेही दुसरे रस्ते बंद होत आलेत. यूजीसीने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतलं विच्छेदन थांबवायला सांगितलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या बिबट्याची कवटीसुद्धा तुम्ही उचलून नेऊ शकत नाही, मेलेला प्राणीही सरकारचाच. (हे योग्यच आहे. नाहीतर काय काय 'अपघाती' मेलं असतं कोण जाणे.)

माणसाच्या हाडांची गोष्ट याहून वाईट आहे. १९८५ पर्यंत जगभरातल्या मेडिकल कॉलेजांत लटकणारे बरेचसे सांगाडे भारतातून जात, मुख्यतः कलकत्त्यातून. त्या वर्षी सरकारने निर्यातीवर बंदी घातली. ती हाडं कोणाची होती? ज्यांच्या अंत्यसंस्काराला पैसे नव्हते किंवा ज्यांच्याबद्दल विचारायला कोणी आलं नाही, अशांची. बंदीनेही धंदा पूर्ण थांबला नाही. २००७ मध्ये पश्चिम बंगालमधल्या पूर्बस्थलीत पोलिसांनी हाडांचा साठा पकडला होता.

ताईच्या विभागातही लाकडी पेटीत एक जुनी खरी कवटी आहे. तिच्यावर एक नंबर, बाकी काही नाही. ती कुठून आली हे कोणालाच माहीत नाही. ताईने ती मला दाखवली. अक्कलदाढा आलेल्या नाहीत. आता काहींना त्या कधीच येत नाहीत, पण कवटीच्या तळाशी दोन हाडांमध्ये एक फट असते, जी साधारण विशीच्या आत बुजते. तीही उघडीच आहे. म्हणजे शाळकरी वयाचं कोणीतरी. "वर्षानुवर्षं या कवटीवर मी पोरांना 'प्रौढ मानवी कवटी' शिकवलं," ताई म्हणाली. "आणि माझ्याच लक्षात यायला इतकी वर्षं लागली."

मी तेव्हा यातला पहिला अर्थच घेतला. खरी हाडं बंद, प्रतिकृती चालू, विषय संपला. दुसरा अर्थ डोक्यात शिरायला प्रिंटरवर तिसरी कवटी चढावी लागली.

त्याआधी एक नेहमीचा आक्षेप. ताईच्या विभागातले एक ज्येष्ठ सर म्हणतात, खरं ते खरं, प्लास्टिक ते प्लास्टिक. सर अगदीच चूक नाहीत. छापलेल्या कवटीवर थरांच्या रेघा दिसतात, बारीक भोकं बुजतात, नाकाच्या आतली पातळ हाडं तर येतच नाहीत. आणि पिल्टडाउन आठवा. १९१२ मध्ये इंग्लंडमध्ये 'माकड आणि माणूस यांमधला दुवा' जाहीर झाला, जो प्रत्यक्षात माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा यांची जुळवाजुळव होती. दात कानशीने घासलेले, हाडं रंगवलेली. लबाडी उघडी पडली १९५३ मध्ये. एकेचाळीस वर्षं! बहुतेक अभ्यासकांच्या हाती तोवर प्रतिकृतीच होत्या, आणि हाडातलं फ्लोरिन प्लास्टरमध्ये मोजता येत नाही. पण उलट उदाहरणही आहे. चीनमधल्या 'पेकिंग मानवा'चे मूळ अवशेष डिसेंबर १९४१ मध्ये युद्धाच्या गोंधळात गायब झाले ते आजतागायत मिळालेले नाहीत. आज अभ्यासाला जे आहे ते त्याआधी काढलेल्या प्रतिकृती आणि फ्रान्झ वायडनराइखची वर्णनं यांच्या जोरावर. बॅकअपचं महत्त्व मी तुम्हाला सांगायला नको.

तर संशोधनाला मूळ हाड हवंच. पण बीएस्सीच्या पोराला फ्लोरिन मोजायचं नसतं. सरांचा मुद्दा मी तिथेच सोडला.

माझी खरी अडचण वेगळीच निघाली. ताईला तीस विद्यार्थ्यांसाठी हाडं हवी होती. मी म्हटलं, सोपं आहे, एक फाइल, तीस प्रिंट. ती म्हणाली, "म्हणजे तीस जण एकच कुत्रा बघणार."

हे ऐकून मला ऑफिसमधला आमचा टेस्ट युजर आठवला. त्याचं नाव दोन शब्दांचं, पत्ता एका ओळीचा, जन्मतारीख १ जानेवारी. त्याच्यावर सगळं पास होतं. मग लाइव्ह गेल्यावर एक असा खरा माणूस येतो ज्याला आडनावच नाही, आणि रात्री दोन वाजता आपल्याला फोन येतो. प्रतिकृतींचं हेच होतं. साच्यासाठी चांगला, अख्खा, पूर्ण वाढलेला नमुना निवडला जातो आणि मग तो एकटाच अख्खी जात बनून बसतो. नर गोरिलाच्या डोक्यावर मधोमध हाडाचा उंच तुरा असतो, मादीत तो सहसा नसतो. ज्याने फक्त नराची कवटी बघितली, त्याच्यापुढे मादी ठेवलीत तर तो ती दुसऱ्याच प्राण्याची म्हणेल. आणि ही चूक फक्त विद्यार्थी करत नाहीत. १९०८ मध्ये फ्रान्समध्ये ला शापेल-ओ-सेंला निअँडरथालचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. मार्सेलां बूलने त्यावरून निअँडरथाल म्हणजे पोक काढून, गुडघे वाकवून चालणारा प्राणी असं वर्णन केलं. १९५७ मध्ये स्ट्राउस आणि केव्ह यांनी तीच हाडं पुन्हा तपासून सांगितलं की हा दात पडलेला, सांध्यांच्या आजाराने वाकलेला म्हातारा आहे. (बूलच्या पूर्वग्रहाचाही त्यात हात होताच.) एका आजोबांच्या पाठदुखीपायी सगळी जमात पन्नास वर्षं वाकून चालली.

आपल्या बाजारातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. जनावर घेताना तो आधी तोंड उघडून बघतो: आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती की जुळलेलं. 'बकरीचे दात' असं एकच उत्तर त्याच्याकडे नसतंच, कोणत्या वयाच्या बकरीचे ते सांगा. आमच्या बीएस्सीच्या आकृतीत मात्र एकच बकरी, कायमची प्रौढ.

म्हणून आता आमचा बेत असा. तीस प्रिंट करायच्याच, पण एकाच फाइलच्या नाही. नर, मादी, पिल्लू, म्हातारा, एखादा मोडलेला दात बरा होऊन बसलेला. प्रत्येकीवर मूळ नमुन्याचा क्रमांक आणि कुठल्या संग्रहातला ते लिहायचं. हे जमण्यासारखं आहे. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या 'होमो नालेदी'चा शोध जाहीर झाला तेव्हाच त्या हाडांचे स्कॅन ड्यूक विद्यापीठाच्या मॉर्फोसोर्सवर सगळ्यांना मोफत ठेवले होते, आणि तो शोध निदान पंधरा वेगवेगळ्या व्यक्तींचा होता. बकरीसाठी तर प्रिंटरही नको. मटणवाल्याकडून मुंड्या आणायच्या, खाऊन झाल्यावर कवट्या उकळून वाळवायच्या. दहा मुंड्यांत दोन-तीन वयं सहज मिळतात. वासाबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

राहिला माणूस. मी सुचवलं की पेटीतलीच कवटी स्कॅन करू, मूळ पेटीत सुखरूप राहील. मला वाटलं होतं ताई खूश होईल. ती म्हणाली, "त्या पोराला एकदा विचारलं नाही. आता त्याच्या कॉप्या पण काढायच्या?" मग मी नेटवरून एक फाइल उतरवली. कवटी छापून झाल्यावर तिने विचारलं, ही कोणाची? वर्णनात फक्त 'मानवी कवटी, प्रौढ' एवढंच होतं. मूळ हाड कुठल्या पेटीतून आलं हे कळायला काही मार्ग नाही. तिने जबडा छापू दिला नाही. तेव्हापासून तो माणूस टीव्हीशेजारी तसाच आहे.

गेल्या रविवारी ताई एक सीडी घेऊन आली. दोन वर्षांपूर्वी ती स्कूटरवरून पडली होती, तेव्हा काढलेला तिच्याच डोक्याचा सीटी स्कॅन. "याला विचारायला मालक हयात आहे," म्हणाली. मी फाइल उघडून बघितली. नेहमीसारखाच फक्त डोक्याचा स्कॅन, खालचा जबडा त्यात आलेलाच नाही. म्हणजे हीसुद्धा जबड्याशिवायच निघणार. प्रिंट शुक्रवारी रात्री लावेन. टॉवेलखाली आता ताई येणार आहे, हे आईला अजून सांगितलेलं नाही.