जुन्या गाडीचा पॉइंट आणि त्याचा स्क्रू



मृगाच्या तोंडावर आपण तिफण, पाभर अंगणात काढून एकेक पाचर ठोकून पाहतो. गोठ्याच्या कडेला पोते पांघरून उभी असलेली राजदूत, येझदी किंवा बुलेट मात्र पाहायची राहून जाते. मग घाईच्या दिवशी ती चालू होत नाही आणि घरात ठरते, "भंगारवाला आला की देऊन टाकू." देण्याआधी एवढे वाचावे. पुष्कळदा गाडी गेलेली नसते, तिचा पॉइंट जागचा हललेला असतो.

माझ्याच चुकीपासून सांगतो. १९९७ साली माझ्याकडे राजदूत होती. एके सकाळी मी पॉइंट घासून बसवला. पेचकस हाताशी नव्हता, म्हणून सुरीच्या टोकाने स्क्रू आवळला. त्याचे स्प्रिंग वायसर मातीत पडले, ते शोधले नाही. संध्याकाळी पाटोद्याकडून बीडला येताना मागे एक शेतकरी बसला होता. त्याच्या घरधनिणीला बाळंतपणासाठी बीडच्या दवाखान्यात नेले होते. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी बंद पडली. मी किका मारून घामाघूम झालो, तो बिचारा रस्त्याकडे पाहत उभा. अखेर एका ट्रकवाल्याने त्याला नेले. बाई आणि बाळ सुखरूप राहिले, पण माणूस वेळेवर पोचला तो ट्रकवाल्यामुळे, माझ्यामुळे नव्हे. झाकण उघडून पाहिले तर स्क्रू ढिला आणि पॉइंट सरकलेला.

आता पॉइंटचे काम काय ते पाहू. पॉइंट मिटलेला असतो तेव्हा कॉइलमधून वीज वाहते. फिरणाऱ्या कॅमचा उंचवटा पॉइंटला उचलतो, वीज तुटते आणि त्याच क्षणी प्लगमध्ये ठिणगी पडते. मिनिटाला ३००० फेरे असतील तर राजदूत, येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाडीत हे सेकंदाला ५० वेळा होते, बुलेटमध्ये २५ वेळा. एवढ्या हादऱ्यात पॉइंटला जागेवर धरून ठेवतो तो एक लहानसा स्क्रू.

पॉइंट पुरा उघडला असता फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. फट वाढली तर ठिणगी लवकर पडते, किक उलटी मारते, इंजिन ठोकते. फट कमी झाली तर ठिणगी उशिरा पडते, गाडी तापते, चढाला ओढत नाही. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, म्हणून काही न करताही फट हळूहळू कमी होतेच.

काम करावे ते असे :

१. चावी बंद करून खाली स्वच्छ फडके अंथरावे. पेचकसाच्या टोकाला ग्रीसचे बोट लावावे, म्हणजे स्क्रू आत पडत नाही. पडलाच तर तो सापडेपर्यंत किक मारू नये.

२. पेचकसाचे टोक स्क्रूच्या खाचेत नीट भरेल असेच घ्यावे. सुरी, नाणे, खिळा वापरू नये. खाच एकदा गोल झाली की स्क्रू निघतही नाही आणि आवळतही नाही.

३. पॉइंटवर खड्डा व उंचवटा असेल तर बारीक कानस हलकी फिरवावी. मग पेट्रोलच्या फडक्याने पुसून मधून कोरा कागद ओढावा. पॉइंट वारंवार जळत असेल आणि तिथेच निळ्या ठिणग्या उडत असतील, तर कंडेन्सर बदलावा.

४. फिलर गेजने फट मोजावी. गेज नसेल तर अडचणीपुरते दाढीची चार पाती एकावर एक धरावीत. एक पाते ०.१ मिलिमीटरचे असते. बोटे सांभाळावीत.

५. स्प्रिंग वायसर घालून स्क्रू आवळावा. खालचा आटा नरम धातूत असतो. मनगटाचा जोर पुरे, खांद्याचा लावू नये.

६. आवळल्यावर फट पुन्हा मोजावी. आवळताना पॉइंट हमखास थोडा सरकतो. ही पायरी पुष्कळ लोक गाळतात, मीही गाळत होतो. पाभरीची पाचर ठोकल्यावर फण पुन्हा पाहतो, तसेच हे आहे.

७. कॅमवरच्या नमद्याला तेलाचा एकच थेंब द्यावा. पॉइंटवर तेल जाऊ देऊ नये.

पॉइंटच्या तारेच्या नटाखाली फायबरची वायसरे असतात. काढताना ती ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने फडक्यावर मांडावीत. एक जरी उलटसुलट बसले तर वीज इंजिनाच्या अंगात उतरते आणि ठिणगी मुळीच पडत नाही.

स्क्रू हरवला तर डब्यातला कुठलाही घालू नये. जुन्या बुलेटमधले बरेच आटे इंग्रजी मापाचे आहेत, येझदीचे मिलिमीटरचे. चुकीचा स्क्रू जोराने फिरवला की आटे गेलेच. जुना स्क्रू नमुना म्हणून दुकानात न्यावा आणि दोन जास्त आणावेत. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०२२ पासून त्या नावाची नवी गाडी निघते, पण तिला पॉइंट नाही. तेव्हा आपल्याकडचा सुटा भाग जपणे आले.

एक पेचकस, फिलर गेज, दोन स्क्रू, दोन वायसरे आणि एक जादा पॉइंट एवढे डबीत घालून गाडीच्या पेटीत ठेवा. घरातल्या मुलालाच नव्हे, मुलीलाही हे काम दाखवा. अडचणीच्या रात्री घरी कोण असेल ते सांगता येत नाही.