हात काळे झाले तर काय झाले?

गेल्या भाऊबीजेला आमच्या दादाने भरल्या पंगतीत मला विचारले, "काय गं, पोरीला तू म्हणे गॅरेजात बसवलीस?" पंगत हसली. वहिनी हसली, भाचे हसले, बासुंदी वाढणारी आमची आत्यासुद्धा पळी हातात धरून हसली. माझी मुलगी तेवढी हसली नाही. तिने डावा हात हळूच ओढणीखाली घेतला. नखांच्या कडेला ग्रीसचा काळा कोर राहिला होता; पहिल्या आंघोळीचे उटणेसुद्धा त्याला पुरे पडले नव्हते.

सणाचा दिवस म्हणून मी त्या वेळी गप्प बसले. पण तो ओढणीखाली गेलेला हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दादा दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतो. तेव्हा भाऊबीजेला दिले नाही ते उत्तर आज येथे देते.

आधी हकिकत सांगते. मुलीची दहावी झाली आणि त्याच मे महिन्यात आम्ही दोघींनी मिळून एक जुनी मोटार घेतली. प्रीमियर पद्मिनी, 1989 सालची, 1089 सी.सी.चे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या मानेवर. पद्मिनीच का, तर आमच्या वडिलांची तीच होती. त्यांनी नंबर लावला तेव्हा मी चौथीत होते आणि गाडी दारात आली तेव्हा आठवीत. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या गाड्या थोड्या आणि त्यांची वाट बघणारे बापडे फार, असा तो काळ. मारुती 800 आली ती 1983 च्या डिसेंबरात. पुढे पद्मिनीचा कारखाना थांबला आणि मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. म्हणजे आम्ही घेतली ती शहाण्या माणसाने न घ्यावी अशीच गाडी. हे दादाला मी कबूल करते.

विकणाऱ्याने शपथेवर सांगितले, "एकहाती गाडी आहे, डॉक्टरांची." जुन्या गाड्या या देशात नेहमी डॉक्टरांच्याच असतात. मुलीने आर.सी. बुक मागून घेतले, बॉनेट उघडून चासी नंबर आणि इंजिन नंबर ताडून पाहिले, आणि शांतपणे म्हणाली, "काका, यात मालक म्हणून तीन नावे आहेत." मग तिने खिशातून फ्रिजवरचे लोहचुंबक काढले, ते रुमालात गुंडाळले आणि दाराच्या खालच्या कडेवरून फिरवत नेले. दोन ठिकाणी ते चिकटेना, घसरून खाली पडले. तेथे पत्रा नव्हताच, नुसती लांबी भरून वर रंग चोपडलेला. त्या दोन जागांचे आठ हजार कमी झाले. बाजारात फसू नये म्हणून आपण मुलांना काय शिकवतो? "कोणावर विश्वास ठेवू नकोस," एवढेच ना? संशय शिकवणे सोपे आहे हो. पारख शिकवायला चुंबक घेऊन उन्हात वाकावे लागते.

आता दादाच्या मुद्द्याकडे येते. त्याचे म्हणणे असे की अकरावीचे वर्ष मोलाचे, त्यात हे लष्कराच्या भाकऱ्या भाजणे कशाला? मुलीला इंजिनिअर करायचे आहे ना?

करायचे आहे म्हणून तर! आमच्या सोसायटीत इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी रात्रंदिवस घोकणारी मुले दर मजल्याला एक तरी आहे. कार्नोच्या इंजिनाची कार्यक्षमता ती दीड मिनिटात काढून देतील. पण खऱ्या इंजिनात प्लग कोठे बसतो हे विचारा. माझ्या मुलीलाही पहिल्या दिवशी ते ठाऊक नव्हते, आणि तिला विज्ञानात पंच्याण्णवच्या वर गुण होते. यात मुलांचा दोष नाही. पोहण्यावर निबंध लिहून घ्यायचा आणि नदीकडे फिरकू द्यायचे नाही, अशी ही आपली शिकवण.

गाडी घरी आली आणि तिसऱ्या दिवशी सुरू होईना. स्टार्टर फिरत होता, इंजिन धरत नव्हते. मी म्हटले, टोचण लावून नेऊ. आमच्या आळीच्या टोकाला एक चाचा आहेत, चाळीस वर्षे फियाटची कामे करणारे. ते आले, पण त्यांनी पान्याला हात लावला नाही. मुलीला म्हणाले, "बेटी, दोनच गोष्टी बघायच्या. पेट्रोल येतंय का, आणि करंट येतोय का. एकदम दोन्हीला हात नाही लावायचा." तिने कार्बोरेटरकडची नळी सोडवून पाहिली, पेट्रोल होते. प्लग काढून, बॉडीला टेकवून पाहिला, ठिणगी मेल्यासारखी. मग डिस्ट्रिब्युटरचे झाकण निघाले आणि आतले पॉइंट जळून खडबडीत झालेले सापडले. नवे पॉइंट नाना पेठेत मिळाले. फिलर गेज घालून फट लावली, आणि आनंदाच्या भरात प्लगच्या दोन वायरी उलटसुलट बसल्या. गाडीने असा काही बार काढला की खालच्या मजल्यावरचे आजोबा दिवाळी आली काय म्हणून गॅलरीत आले. चाचा हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "एक, तीन, चार, दोन." सिलिंडर पेटण्याचा क्रम तो. हा क्रम ती जन्मात विसरणार नाही.

कोणी म्हणेल, पॉइंटची फट आता कोणाला लागते? आजच्या गाडीत पॉइंट नाहीत, विजेच्या गाडीत प्लगही नाही. अगदी खरे. ही फट तिला पुढे कधीच लागणार नाही. पण बिघाडापुढे घाबरून न जाता एक शक्यता धरायची, तपासायची, बाजूला ठेवायची आणि मगच दुसरीकडे वळायचे, हे ती कोणत्या क्लासात शिकणार होती?

एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो दादाच्या नव्हे, माझ्या धाकट्या भाच्याच्या तोंडून आला: जुनी गाडी धूर जास्त सोडते आणि धडकेत माणसाला कमी वाचवते. याला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. आम्ही ती रोज रस्त्यावर काढत नाही, पी.यू.सी. चुकवत नाही, पुढच्या बाकाला पट्टे बसवून घेतले आहेत. 2025 साली पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. ते जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून मुलीने पेट्रोलच्या नळ्या बदलल्या. तरीही भाच्याचे म्हणणे उरतेच, आणि ते मी मान्य करते.

पण सुरक्षिततेचा कळवळा आम्हाला कोण शिकवतो आहे? ज्या घरांतून पंधरा वर्षांच्या मुलाला "क्लासला उशीर होतो" म्हणून स्कूटरची किल्ली दिली जाते, ती घरे! कायद्याने सोळाव्या वर्षी चालवता येते ती फक्त बिनगिअरची आणि 50 सी.सी.पर्यंतची. सोसायटीत उभ्या असलेल्या 110 सी.सी.च्या स्कूटरला ती सवलत लागू नाही. 2019 च्या दुरुस्तीने तर अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. मे 2024 मध्ये पुण्यातच, एका अल्पवयीन मुलाच्या हाती मोटार असल्याच्या प्रकरणात दोन तरुण जीव गेले. चार दिवस आपण सारे हळहळलो, आणि पाचव्या दिवशी पुन्हा किल्ल्या खुंटीवरून निघाल्या. माझी मुलगी ही गाडी पूर्ण खोलू शकते. अठरा पूर्ण होईपर्यंत चालवणार नाही. कायदा तिला चालवण्यापासून अडवतो, दुरुस्तीपासून नव्हे. आपल्याकडे सगळे उलटे झाले आहे: चालवायला लवकर, आणि हात लावायला कधीच नाही.

आणि ती चालवण्याची घाई का करत नाही, तेही सांगते. ब्रेकचे काम आम्ही घरी केले नाही. व्हील सिलिंडर चाचांनीच बदलले. पण नळ्यांतली हवा काढायला दोन माणसे लागतात, आणि दुसरे माणूस मी. मी आत बसून पेडल दाबायचे, तिने चाकाशी पडून निपल सैल करायचे. खालून आवाज येई, "आई, दाब. धरून ठेव. अजून धर. सोड." मी एकदा तिच्या शब्दाआधीच पाय उचलला. हवा परत आत ओढली गेली आणि अर्ध्या तासाचे काम पुन्हा पहिल्यापासून आले. ती बाहेर आली, चेहऱ्यावर ब्रेक ऑइलचा ओघळ, आणि मला म्हणाली, "आई, मी 'सोड' म्हटल्याशिवाय सोडायचे नाही. यावर माणसे थांबणार आहेत." सोळा वर्षांची मुलगी. मी मुकाट्याने पुन्हा पेडलवर पाय ठेवला. ब्रेक म्हणजे काय हे जिला असे कळले आहे, तिला गाडी हाती देताना मला झोप लागेल.

आता दादाच्या प्रश्नातले खरे घोडे. त्याला वेळेचे दुःख नाही. भाचे जेवढा वेळ मोबाइलवर घालवतात त्याच्या पावपटही आमच्या गाडीला लागला नसेल. त्याला टोचले ते "गॅरेज". "अभ्यास केला नाहीस तर गॅरेजात पाने देत बसशील" हे वाक्य मराठी मध्यमवर्गीय घरात किती पिढ्या बोलले गेले असेल! खंडेनवमीला आपण याच पान्याला हळदकुंकू वाहतो, मोटारीच्या नाकाला झेंडूची माळ घालतो. पान्याची पूजा आणि पाना धरणाऱ्याची टिंगल, हा कोठला धर्म? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बेळगावला त्यांचे सायकलींचे दुकान होते. पुढे लोखंडी नांगर आला, 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांचे चरित्र आपण मुलांना बक्षीस देतो, आणि आज कोणा प्राध्यापकाने सायकलीचे दुकान काढले तर त्याच्या बायकोची कीव करतो. हाताने शिकवा, असे 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी सांगितले. आपण त्यांच्या नावाने रस्ते केले आणि मुले क्लासला पाठवली.

"मुलीच्या जातीला" हे शब्द दादा बोलला नाही. तेवढा तो सुधारलेला आहे. वहिनी मात्र म्हणाली, "हात किती छान होते गं तिचे."

परवा मुलीने चाचांना विचारले, तुमचा मुलगा गॅरेजात कधी दिसत नाही तो? चाचा म्हणाले, "त्याला कॉम्प्युटरला घातलाय. त्याला मी पान्याला हात लावू देत नाही." तिने विचारले, का? त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि उगाचच फडक्याने बोटे पुसली. "लग्नाला विचारतात ना, बेटी, बाप काय करतो म्हणून. पोराचं तरी नको."

दादा, हे तुला वाचून दाखवावे म्हणून मी एवढे लिहिले. चाळीस वर्षे ज्याने शहराच्या गाड्या चालत्या ठेवल्या, त्याला आपल्या हाताची लाज वाटावी, ही शिकवण पंगतीतल्या हसण्यातूनच गेली आहे.

गाडीचा डावा दिवा अजून मंद लागतो. अर्थिंगचा दोष असावा, असे कन्येचे मत. मागच्या दाराची मूठ कोठे मिळेना, ती शोधायला रविवारी आम्ही जुन्या बाजारात जाणार आहोत. भाऊबीजेला तुझ्याकडे तिच्यातूनच येऊ. जिन्याखाली जागा करून ठेव, आणि जुनी चादर असली तर एक काढून ठेव. तेल अजून थोडे गळते.