दुधाची फॅट आणि उजेडाची करामत



म्हैस तीच, वैरण तीच, तरी फॅट आज कमी का लागली? संकलन केंद्रावर यावरून रोज बाचाबाची होते. सकाळ-संध्याकाळच्या दुधात थोडा फरक असतोच. पण यंत्र नेमके काय पाहते हे ठाऊक असले, तर भांडण्याऐवजी नेमके विचारता येते.

दुधाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की स्निग्धाचे गोल कण तरंगताना दिसतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. यातले पुष्कळ कण 1 ते 10 मायक्रॉनचे. केसीनचे, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचे, कण मात्र मायक्रॉनच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्याएवढे. साध्या सूक्ष्मदर्शकाला ते नीट दिसत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला दिसतात. पण त्याच्या पोटात हवा नसते, म्हणून दूध आधी वाळवावे किंवा गोठवावे लागते. अशा मऊ वस्तूचे मूळ रूप त्यात बिघडण्याची भीती.

म्हणून दुसरी वाट. उजेड सोडायचा आणि तो कसा विखुरतो ते पाहायचे. पेलाभर पाण्यात दुधाचे दोन-चार थेंब टाकून अंधारात बॅटरी लावा. बाजूने पाणी निळसर दिसेल, समोरून बॅटरी पिवळसर. बारीक कण निळा उजेड जास्त उधळतात. साय काढलेले दूध निळसर दिसते ते यामुळेच. मुंबईजवळ तुर्भ्याला 1985 साली सुरू झालेल्या ध्रुव अणुभट्टीवर उजेडाऐवजी न्यूट्रॉन सोडून मऊ पदार्थांची अशीच पाहणी झाली आहे.

मिल्कोटेस्टरही हेच करतो. उजेड केसीन विखुरते आणि स्निग्धही. म्हणून आधी एका द्रावणाने केसीनचे कण मोडतात, मग दाबाने स्निग्धाचे कण एकसारखे बारीक करतात. उरलेला गढूळपणा म्हणजे फॅट. (हल्ली बऱ्याच केंद्रांवर ध्वनिलहरींची यंत्रे आहेत, त्यांची रीत वेगळी.)

तेव्हा मिल्कोटेस्टर असेल तर नुसते द्रावण घालून काटा शून्यावर आणला का, हे खुशाल विचारा. ते आपल्या हक्काचे आहे. यंत्र कोणतेही असो, नमुना आपल्यासमोर घेऊ द्या. कॅन थोडा वेळ उभा राहिला की साय वर येते. वरून घेतले तर फॅट वाढते, तळातून घेतले तर घटते. आधी दूध वर-खाली हलवायला सांगा. आणि नासू लागलेले दूध तपासायला देऊच नका. त्यात केसीनच्या गुठळ्या होतात. त्यांनीही उजेड अडतो, आणि आकडा भलताच येतो.