घोडं गरीब आहे, म्हणून…

पावसाळा सरला की आपल्या सीमाभागातल्या रस्त्यांवर मेंढ्यांचे कळप दिसू लागतात. सोबत कुत्री आणि पाठीवर घोंगड्या, भांडीकुंडी, कधी नुकतंच जन्मलेलं कोकरू घेऊन मुकाट चालणारं ठेंगणं घोडं. मालकाला आपण धनगर म्हणा की कुरुबर, जनावराला घोडा म्हणा की कुदुरे, ही तट्टं बहुधा भीमथडी वळणाची असतात. भीमा नदीच्या खोऱ्यातली ही जात मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती. आज देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून तिची सरकारी नोंदही झाली आहे.

शेतावर घोडं पाळू इच्छिणाऱ्या एका परिचितांनी मध्यंतरी मला विचारलं, "सर, जनावर अगदी गरीब आहे. दोन वर्षांचं आहे. मुलाला उद्यापासून बसवलं तर चालेल ना?"

मी म्हटलं, "गरीब आहे म्हणूनच थांबा."

घोड्याची हाडं सावकाश भरतात. पाठीच्या मणक्यांची वाढ तर पाचव्या वर्षानंतरच पुरी होते. तीन-चार वर्षांच्या आत पाठीवर स्वार नकोच. तापट घोडं लाथ झाडून नकार तरी देतं. गरीब घोडं सोसत राहतं आणि आपल्याला वाटतं, त्याला चालतंय. कान मागे पडणं, शेपटी सारखी झटकणं, खाणं टाकणं ही त्याची तक्रार असते. ती वाचायला शिकलं पाहिजे.

शिकवताना दोरीला हलका ताण द्यावा आणि घोड्याने एक पाऊल टाकताच तो लगेच सोडावा. ताण सुटणं हीच त्याला शाबासकी. धडा दहा-पंधरा मिनिटांचा पुरे. घोड्याला थेट पाठीमागचं दिसत नाही, म्हणून आवाज देत खांद्याच्या बाजूने जवळ जावं.

त्याचं पोट लहान असतं. चारा थोडा थोडा, पण दिवसभर हवा. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ जिवावर बेततो. तशी शंका येताच डॉक्टरांना बोलवावं. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी साळावेत. धनुर्वाताची लस चुकवू नये.

ओझ्याबद्दल कायदाही स्पष्ट आहे. १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार तट्टाच्या पाठीवर ७० किलोहून जास्त ओझं लादता येत नाही. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन विश्रांती. काटेरी लगामाला मनाई आहे.

घरात मुलं असतील तर पहिले काही महिने त्यांना घोड्यावर बसवू नका. पाणी पाजू दे, खरारा करू दे, मोठ्यांच्या देखरेखीखाली खुरातले खडे काढू दे. तेवढ्यावर मुलाची हौस फिटली, तर घोडं न घेतलेलंच बरं. आणि तरीही ते रोज सकाळी गोठ्याकडे धावत असेल, तर मग खोगिराचं बघू.