गाणं त्यांचं, बदनामी तिची

दिवाळी झाली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. भाऊबीजेपासून पुढे आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. दिवसा बाजार भरतो. रात्री खडी गंमत, दंडार, नाहीतर झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं. गेल्या काही वर्षांत या यादीत 'डान्स हंगामा' आला आहे. कानठळ्या बसवणारे भोंगे, रंगीत दिवे, बाहेरगावाहून आणलेल्या चार-पाच मुली आणि स्टेजसमोर नोटा नाचवणारे पुरुष.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायका मला म्हणाल्या, "ताई, यंदा तो डान्स बंद कराचा. माणसं पैसे उडवतेत, पोरं बिघडतेत, आमाले तिथं उभं राहता येत नाही." मला ते पूर्ण पटलं. समाजकार्याची पदवी घेतल्यापासून असे शेकडो अर्ज मी लिहिले आहेत. ग्रामसभेआधीच्या महिला सभेसाठी मी ठरावाचा मसुदा तिथेच लिहून काढला: 'अश्लील नृत्य करणाऱ्या महिलांना गावात कार्यक्रम करण्यास मनाई करण्यात यावी.'

मी तो वाचून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागे बसलेली एक म्हातारी मात्र म्हणाली, "बायकांलेच मनाई काहून? त्याइले बोलावते कोण?"

रोवणीच्या बांधीत पुढे राहून गाणं उचलणारी ही बाई. शाळेची पायरी तिने चढलेली नाही. माझ्या मसुद्यातली जी खोट मला दिसली नाही, ती तिला एका वाक्यात दिसली. बोलावणारी समिती गावातली, वर्गणी देणारे गावातले, नोटा उडवणारे आपलेच नवरे आणि दीर. आणि मनाई कोणाला? त्या चार मुलींना.

घरी आल्यावर मी विचार करत राहिले. हे पहिल्यांदा घडतंय का? मुळीच नाही. आपल्याकडे गाण्याचं नवं यंत्र आलं, नवी चाल आली, की तोच खेळ पुन्हा मांडला जातो.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जानने ध्वनिमुद्रण केलं. त्या काळी 'घरंदाज' बायका तबकडीसाठी गात नव्हत्या. गाण्याचा हा नवा धंदा उभा राहिला तो तिच्यासारख्या पेशेवर गायिकांच्या गळ्यावर. पुढे रेडिओ आला, आणि १९४६ साली आकाशवाणीत फर्मान निघालं की ज्यांचं खाजगी आयुष्य लोकापवादाचं आहे अशांना गाऊ द्यायचं नाही. त्यांच्या बैठकीला बसणाऱ्या रसिकांच्या खाजगी आयुष्याची चौकशी कोणी केल्याचं ऐकिवात नाही. १९५२ नंतर केसकर मंत्री असताना सिनेमाची गाणीच हलकी ठरली. लोकांनी रेडिओ सिलोन लावला, आणि १९५७ साली सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. आज तीच गाणी आपण 'जुनं सोनं' म्हणून ऐकतो.

तमाशाचंही तसंच. १९४०च्या दशकाच्या अखेरीस बाळासाहेब खेरांच्या सरकारने तो अश्लील म्हणून बंद केला, मग संहिता तपासून परवानगी द्यायला सुरुवात झाली. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला, तरी त्यांचे अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले. २००२ साली त्या वारल्या. आता राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. बाई नाचत असते तेव्हा ती समाज बिघडवते. ती गेली की तिची परंपरा होते.

आणि २००५? महाराष्ट्र सरकारने डान्स बार बंद केले. सुमारे ७५ हजार बायकांचा रोजगार गेल्याचं न्यायालयात मांडलं गेलं. त्याच कायद्यात तारांकित हॉटेलांना सूट होती! म्हणजे नाच तोच, गाणं तेच. पाहणारा श्रीमंत असला की ती करमणूक आणि गरीब असला की अनीती. मुंबईतल्या अनेक स्त्री संघटना तेव्हा बारबालांच्या बाजूने उभ्या राहिल्या. हे सोपं नव्हतं. १९९३ साली 'चोली के पीछे' आलं तेव्हा आपल्यातल्याच कित्येकजणी अशा गाण्यांविरुद्ध बोलत होत्या. पण गाण्यावर टीका करणं वेगळं आणि नाचणारीची भाकरी काढून घेणं वेगळं, एवढी समज चळवळीने तोवर कमावली होती. उच्च न्यायालयाने २००६ साली ती बंदी रद्द केली आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. सरकारने पुन्हा नवे कायदे आणले. २०१९ साली न्यायालयाने त्यातल्याही कितीतरी अटी काढून टाकल्या.

हे सगळं मुंबईचं, आमच्या झाडीपट्टीचं काय, असं कोणी विचारील. मग खडी गंमतच घ्या. तिच्यात बाईचं काम पुरुष करतो. लुगडं नेसून, पदर सावरत, डोळे मोडत तो जे द्वयर्थी बोलतो त्यावर सारी मंडई खदखदा हसते. ती बंद करा, असा ठराव मी कधी पाहिला नाही. ती लोककला आहे, आणि असावीच. पण तोच चावटपणा, तेच हावभाव खऱ्या बाईने केले की अश्लील होतात. म्हणजे आपल्याला नेमकी अडचण कशाची आहे? हावभावांची, की ते बाईने करून पैसे कमावण्याची?

चावटपणाचं सोवळं तर आपण बायकांनी पाळूच नये. हळदीच्या रात्री विहिणीला चिडवताना आपल्या आज्या काय काय गात होत्या ते आठवा. तिथे बाईच गाते, बाईच हसते, आणि नको वाटलं की उठून जाते. प्रश्न आहे तो या उठून जाण्याचा. हंगाम्यातल्या मुलीला ते करता येतं का?

मसुदा बाजूला ठेवून मी शेजारच्या गावच्या मंडईत गेले आणि अशा एका मुलीशी बोलले. ती दुसऱ्या जिल्ह्यातली होती. घरी लहान मूल, नवरा नाही. ती म्हणाली, एका रात्रीला शेतातल्या आठवड्याच्या मजुरीएवढं मिळतं, मिळालं तर. मागे एका गावी अर्ध्याच पैशांवर बोळवण केली होती. कपडे बदलायला दिलेल्या खोलीला आतून कडी नव्हती. म्हणून दोघी बदलायच्या आणि दोघी दाराला पाठ लावून उभ्या राहायच्या. गाणं कोणतं लावायचं हे तिला कोणी विचारत नाही. नोट हातात धरून कोणी स्टेजवर चढला तर "तूच सांभाळून घे" म्हणतात. आणि पोलीस आले तर? "फोटो आमचेच येतेत," ती म्हणाली. अश्लील कृत्य आणि गाण्याचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ मध्ये होता, २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ मध्ये आहे. तो कुठल्याही माणसाला लागू होतो. पण दुसऱ्या दिवशी गावभर फिरणाऱ्या चित्रफितीत चेहरा असतो तो तिचाच.

गैरसमज नको. मला तो कार्यक्रम आवडत नाही, आजही नाही. मुलीचा नकार म्हणजे होकार, असं शिकवणारी गाणी लग्नाच्या डीजेवर आणि धुमालवर वाजतात. त्यावर आठवीतली पोरं नाचतात आणि दुसऱ्या दिवशी तेच शब्द शाळेच्या वाटेवर मुलींवर फेकतात. त्याविरुद्ध आपण बोललंच पाहिजे. पण ते गाणं लिहिणाऱ्याला, विकणाऱ्याला, लावणाऱ्याला आणि फेकणाऱ्याला बोलायचं. शिवाय पूर्वीची गाणी चांगली होती, हेही सरसकट म्हणता येणार नाही. सासूचा मार मुकाट सोसणारी सून त्या जुन्या गाण्यांतही थोरच ठरते.

आम्ही ठराव पुन्हा लिहिला. यंदा समिती कोणताही कार्यक्रम आणो, त्यातल्या बायकांना कडी असलेली खोली, संडास आणि परतीची गाडी द्यावी. ठरलेले पूर्ण पैसे कार्यक्रमाआधी द्यावेत. स्टेजवर कोणी चढू नये, नोटा फेकू नयेत. फेकणाऱ्याला समितीने बाहेर काढावं. पुढच्या रांगा बायकांसाठी ठेवाव्यात. आणि मंडईची एक संध्याकाळ गावातल्या बायकांच्या गाण्यांसाठी असावी.

ग्रामसभेत बराच गलका झाला. "म्हंजे तुमाले नाच पायजे का?" असं एकाने विचारलं. आमच्यातल्याही काहीजणी नाराज होत्या. बंदी मागायला आलो आणि सोय करून परत चाललो, असं त्यांना वाटलं. त्यांचं दुःख मला समजतं. घरातला पैसा तिथे उधळला जातो तो त्यांच्याच कष्टाचा. अखेर आगाऊ पैशाचं कलम सोडून बाकीचा ठराव मंजूर झाला. नेमकं तेच कलम अडकलं, याचं नवल वाटलं नाही.

मंडईच्या रात्री बायका पहिल्या तीन रांगांत बसल्या. नोटा थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या. एक दारुडा स्टेजकडे निघाला तेव्हा आमच्यातल्या दोघी उठून त्याच्या वाटेत उभ्या राहिल्या. त्यातली एक त्याची वहिनी होती. तो खाली बसला. बायकांच्या संध्याकाळी म्हातारीने रोवणीचं गाणं उचललं, पण भोंगा समितीच्या ताब्यात होता आणि तो तिसऱ्याच गाण्याला बंद झाला. बाकीची गाणी आम्ही भोंग्याशिवाय म्हटली.

यंदा दिवाळीच्या आधी आगाऊ पैशाचं कलम आम्ही परत मांडणार आहोत. भोंग्याचंही मांडू. तुमच्या गावच्या जत्रेत, उरुसात, गणपतीत नाचायला येणाऱ्या बायकांची सोय कोण पाहतं, पैसे कोण ठरवतं आणि गाणं कोण निवडतं, एवढ्या तीन गोष्टी तुमच्या गटात विचारून बघा आणि आम्हाला कळवा. आणि ठराव लिहिताना मनाई कोणाला करतोय, ते एकदा मोठ्याने वाचून घ्या.