पोरींना आधी सामने द्या

बजाजनगरात खेळणाऱ्या मुलीला पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कुठपर्यंत गेली? डिस्ट्रिक्ट का स्टेट?" किराणा दुकानदार विचारतो, लाइनवरच्या बायका विचारतात, गावाकडून आलेला चुलता विचारतो. वर्षभरात ती सामने किती खेळली, हे कोणी विचारत नाही. माझी मुलगी आठवीत आहे आणि डाव्या बगलेवर फुटबॉल खेळते. तिच्यामुळं मैदानाच्या कडेला उभं राहून माझं मत पक्कं झालंय की विचारायला हवा तो हाच प्रश्न.

मी वाळूज एमआयडीसीतल्या एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. नवरा दुसऱ्या कंपनीत, शिफ्टला. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना इथं सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्यानं ही वसाहत वाढली. जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडून आलेली आमच्यासारखी माणसं इथं घरं बांधून राहिली. मुलींचा संघ एका मोकळ्या भूखंडावर संध्याकाळी सराव करतो. शिकवणारे सर स्वतः कंपनीत आहेत आणि फर्स्ट शिफ्ट करून येतात. पोरींचे आईबाप म्हणजे ऑपरेटर, हेल्पर, वॉचमन, मेस चालवणारी एक ताई. कोणाच्याच घरात याआधी फुटबॉल नव्हता. त्यामुळं कोणती स्पर्धा खेळायची आणि कोणती सोडायची, हे सांगणारंही घरात कोणी नाही.

पहिली वाट शालेय स्पर्धांची. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट, आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या. दहावी-बारावीचे क्रीडा गुण या वाटेवर मिळतात, म्हणून पालकांचा सगळा जीव तिच्यावर. पण या स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. सोळा संघ आले तर आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. मुलींच्या फुटबॉलमध्ये तर सोळा संघ येतच नाहीत. समोरची शाळा आली नाही की 'पुढे चाल' मिळते. आमच्या ओळखीतला एक संघ अशाच चालीवर वर सरकला आणि पहिला खरा सामना खेळला तो विभागात. तिथं वर्षभर खेळणाऱ्या मुली समोर उभ्या होत्या. गोल मोजायचं आम्ही मध्यंतरालाच सोडलं. त्या दिवसानंतर दोघी पोरी सरावाला आल्या नाहीत. त्यांना वाटलं, आपल्याला खेळताच येत नाही. खरं तर त्यांना अजून कोणी पुरेसं खेळवलंच नव्हतं. माझ्या कामात एक पीस खराब निघाला म्हणून आम्ही अख्खा लॉट फेकत नाही, आणखी नमुने काढून तपासतो. मुलींच्या बाबतीत मात्र चाळीस मिनिटांत निकाल लावून मोकळे होतो.

दुसरी वाट दर हिवाळ्यात पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येते. 'नॅशनल चॅम्पियनशिप', 'इंटरनॅशनल कप', ठिकाण गोवा नाहीतर दिल्ली. फी भरली की प्रवेश नक्की. त्यात राहणं, जेवण, ट्रॅकसूट, मेडल, सर्टिफिकेट सगळं येतं. कंत्राटी कामगाराचा निम्मा पगार एका पोरीमागं जातो, रेल्वेचं तिकीट वेगळं. तरी लोक भरतात, कारण 'नॅशनल' हा शब्द घरात फ्रेम करून लावता येतो. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षणही डोळ्यांसमोर असतं. पण ते आरक्षण कुठल्याही कागदावर मिळत नाही. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची असावी लागते आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. आयोजकांच्या पोस्टरवर हे कधी छापलेलं नसतं. दोन-तीन दिवसांत पाच-सहा सामने उरकायचे, दिवसाला दोन-दोन खेळवायचे आणि पोरी लंगडत परत आणायच्या, याला मी स्पर्धा म्हणत नाही. ती पैसे मोजून केलेली सहल आहे.

यावर आमच्या ग्रुपवर एक बाबा म्हणाले, "ताई, मोठ्यांशी खेळल्याशिवाय पोरी मोठ्या होत नाहीत." बोलणं खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. ऑक्टोबर २०२२ चा सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक आठवा. भारत यजमान होता. यजमान म्हणून थेट प्रवेश होता, म्हणजे देशाच्या पातळीवरची पुढे चालच. शिबिरं झाली, इटली आणि नॉर्वेचे दौरे झाले. मग भुवनेश्वरला अमेरिकेनं ८-०, मोरोक्कोनं ३-० आणि ब्राझीलनं ५-० असं हरवलं. सोळा गोल खाल्ले, एकही करता आला नाही. त्या पोरींचा दोष नव्हता. कर्णधार अस्तम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आणि काजोल डिसूझा आपल्या पुण्याची. दोघी जिद्दीनं वर आलेल्या. पण वर्षानुवर्षं दर आठवड्याला सामना खेळणाऱ्या मुलींशी शिबिरात घडवलेला संघ कसा पुरा पडणार? तीनच वर्षांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, याच वयोगटातल्या भारतीय मुलींनी उझबेकिस्तानला २-१ हरवून आशिया चषक गाठला, तोही पात्रता फेरी खेळून. त्याच वर्षी ५ जुलैला वरिष्ठ महिला संघानं थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवलं आणि पात्रता फेरीतून पहिल्यांदाच आशिया चषकात जागा मिळवली. कमावून मिळवलेल्या जागेचं वजन वेगळंच असतं.

आता महाराष्ट्राकडं पाहा. २०२२ च्या महिला आशिया चषकाचे सामने नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात झाले. त्या ऑक्टोबरच्या विश्वचषकाची अंतिम लढतही नवी मुंबईतच झाली आणि स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं. स्टेडियम आपली, पाहुणचार आपला. पण इंडियन विमेन्स लीग २०२३-२४ मध्ये पहिल्यांदा घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर खेळवली गेली, तेव्हा तिच्या सात संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. पुढच्या हंगामात आठ संघ झाले, त्यातही नव्हता. कोल्हापूरचा एफसी कोल्हापूर सिटी हा संघ पूर्वी या लीगमध्ये खेळून गेला. ज्या गावात पेठापेठांच्या तालमींचे संघ शाहू स्टेडियम भरवतात, तिथूनही मुलींचा संघ वरच्या श्रेणीत टिकला नाही. उलट हरियाणातलं अलखपुरा हे भिवानी जिल्ह्यातलं एक खेडं, पण २०१६-१७ च्या पहिल्या लीगमध्ये त्याचा संघ होता. गावातल्या मुली रोज एकमेकींशी खेळत होत्या, एवढंच त्यांचं भांडवल.

लीग भरपूर असल्या की प्रश्न सुटतो, असंही नाही. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची आणि क्लबकडून खेळते. तिकडं लीग इतक्या की निवडताना आईबापांची भांडणं होतात. मुलींसाठीची 'ईसीएनएल' ही लीग २००९ मध्ये सुरू झाली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं मुलींसाठी स्वतःची डेव्हलपमेंट अकादमी काढली. तिच्यात खेळायचं तर शाळेच्या संघावर पाणी सोडावं लागे. ईसीएनएलमध्ये शाळेला मोकळीक होती. घराघरांत यावरून वाद झाले, आणि एप्रिल २०२० मध्ये ती अकादमीच बंद झाली. मग तिच्यातल्या क्लबांना घेऊन 'गर्ल्स अकादमी' नावाची आणखी एक लीग उभी राहिली. भावाच्या मुलीचा क्लब वरच्या लीगमध्ये गेला तेव्हा सगळे खूश होते. आता भाऊ शनिवारी चार-चार तास गाडी चालवतो आणि पोरगी बराच वेळ बाकावर बसते. संघाची पायरी वर गेली, मुलीचा खेळ कमी झाला. आमच्याकडं निवडायला काही नाही, त्यांच्याकडं पसारा आहे. पण दोन्हीकडं पालकाची नजर नावावर आणि बिल्ल्यावरच खिळलेली.

म्हणून मी माझ्यापुरता हिशेब ठरवला आहे. कुठल्याही स्पर्धेचा कागद आला की तीन गोष्टी पाहायच्या. माझ्या मुलीला मैदानावर किती मिनिटं मिळणार? समोरचे संघ तिच्या तोडीचे आहेत का? आणि हरल्यावर पुढच्या आठवड्यात पुन्हा सामना आहे का? तिन्हींची उत्तरं चांगली असतील तर ती स्पर्धा मोठी, मग ती इथल्याच पंढरपूर फाट्याजवळच्या मैदानावर का असेना.

अशी स्पर्धा वाळूजमध्ये उभी करता येते. बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर, सिडको वाळूज महानगर, छावणी आणि शहरातला एक, असे तेरा वर्षांखालच्या मुलींचे सहा संघ घ्या. सात-सात जणींचा संघ, म्हणजे छोटं मैदानही पुरतं. प्रत्येक संघ बाकीच्या पाचांशी दोनदा खेळेल. म्हणजे प्रत्येकीला दहा सामने आणि एकूण तीस. दर रविवारी सकाळी तीन सामने ठेवले तर दहा रविवारांत लीग पूर्ण. नियम दोनच जास्तीचे. संघातल्या प्रत्येक मुलीला किमान अर्धा सामना खेळवायचा. आणि मध्यंतराला चार गोलांपेक्षा जास्त फरक पडला, तर मागे असलेल्या संघाला एक खेळाडू जास्तीची द्यायची. जिंकणाऱ्यांना त्यामुळं आठ जणींविरुद्ध डोकं चालवावं लागेल आणि हरणाऱ्यांना चेंडू पायात मिळेल. खर्च फक्की, चेंडू, पंचांचं मानधन, प्रथमोपचाराची पेटी आणि पिण्याचं पाणी एवढाच.

यात स्पर्धा कमी होते असं कोणाला वाटत असेल तर नॉर्वेकडं बघावं. तिथं अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांत गुणतक्ते लावत नाहीत आणि तेरा वर्षांच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद खेळवत नाहीत. त्याच नॉर्वेनं १९९५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला आणि २००० मध्ये ऑलिंपिक सुवर्ण. आणि जी मुलगी खरोखर पुढची आहे तिला अडवू नये. तिला पंधरा वर्षांखालच्या गटात खेळवा, मुलांच्या संघात खेळवा. भारतीय फुटबॉल महासंघाच्या गोल्डन बेबी लीगमध्ये लहान वयात मुलं-मुली एकत्र खेळतातच. खेलो इंडियाची मुलींसाठीची 'अस्मिता' लीग आहे, तिच्यात तेरा वर्षांखालचा फुटबॉल गट आहे. डिसेंबर २०२५ मध्ये वानखेडेवर मेस्सीच्या उपस्थितीत राज्य सरकारची 'महादेवा' योजना पुढं आली. तीही तेरा वर्षांखालच्या मुला-मुलींना निवडून घडवण्याची आहे. निवडणारे येतीलही, पण आमच्या पोरी वर्षभर खेळतच नसतील तर निवडायचं कोणातून?

खेळापलीकडच्या दोन गोष्टी आईच सांगणार, म्हणून सांगते. तेरा-चौदाव्या वर्षी मुली मैदान सोडतात. दहावीच्या क्लासचं कारण सांगितलं जातं. पण मैदानावर संडास नाही, पाळीच्या दिवसांत कपडे बदलायला आडोसा नाही आणि अंधार पडल्यावर दिवा नाही, हीही कारणं आहेत. एक स्वच्छतागृह आणि दोन फ्लडलाइट कुठल्याही ट्रॉफीपेक्षा जास्त मुली टिकवतील. दुसरी गोष्ट गुडघ्याची. गुडघ्यातला एसीएल हा स्नायुबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे. फिफाचा 'इलेव्हन प्लस' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे. त्याला साधन लागत नाही आणि त्यानं दुखापती कमी होतात. आमचे सर तो करून घेतात. मुलीच्या कोचला तो माहीत आहे का, हे प्रत्येक पालकानं विचारायलाच हवं. दिवसाला दोन सामने खेळवणाऱ्या आयोजकालाही गुडघ्याचा हिशेब विचारा.

पैशाचं म्हणाल तर तो याच वसाहतीत आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण आहे. वाळूजमधल्या कंपन्यांना दहा रविवारांचा हा खर्च जाणवणारसुद्धा नाही. आमखास मैदान आणि गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल शहराचं भूषण आहे, पण बजाजनगरातून शेअरिंग रिक्षा बदलत पंधराएक किलोमीटर जाऊन मुलगी अंधारात परत कशी येणार? मैदान इथंच हवं.

तेव्हा मागणी साधी आहे. एमआयडीसीनं एक मोकळा भूखंड मुलींच्या खेळासाठी राखून ठेवावा. ग्रामपंचायतीनं तिथं पाणी आणि स्वच्छतागृह द्यावं. जिल्हा फुटबॉल संघटनेनं पंच द्यावेत आणि लीगला मान्यता द्यावी, म्हणजे कागदाची काळजी असलेल्या पालकांचाही जीव भांड्यात पडेल. कंपन्यांनी खर्च उचलावा. आणि माझ्यासारख्या आईबापांनी या हिवाळ्यात गोव्याच्या 'नॅशनल'ची फी भरण्याआधी एकदा शेजारच्या वसाहतीतल्या संघाच्या सरांना फोन करावा: येत्या रविवारी खेळता का?